पाव्हना येतोय

महिपतच्या आगरावर पावसाचं नाव घ्यायची बंदी होती. वाफ्यात मीठ बसायला लागलं की शेवटची रास झाकेपर्यंत तो शब्द कोणी उच्चारायचा नाही. अगदीच बोलायची वेळ आली तर ‘पाव्हना’ म्हणायचं. पाव्हना आला, पाव्हना गेला, औंदा पाव्हना लवकर दिसतोय. आणि चुकून कोणाच्या तोंडून खरं नाव निघालंच, तर त्याने तिथल्या तिथे वाकून वाफ्यातलं खारं पाणी ओंजळीत घ्यायचं आणि चूळ भरायची. हा नियम महिपतच्या बापाने उरणकडून येताना बरोबर आणला होता. बाकी त्याने काही आणलं नव्हतं.

या असल्या चुळा सगळ्यात जास्त भरल्या त्या शालूने, महिपतच्या सुनेने. ती रोह्याच्या डोंगराकडची, भाताच्या घरातली. तिच्या माहेरी मे महिना सरत आला की माणसं आभाळाकडे डोळे लावून बसत, नारळ ठेवत, पावसाला नावाने हाका मारत. इथे त्याचं नाव काढलं की शिक्षा. एकच पाऊस, तिकडे देव आणि इकडे चोर, हे काही तिच्या डोक्यात बसेना. त्यात दहावीपर्यंत शिकलेली आणि भूगोलाची आवड. वाफ्यात फळी ओढता ओढता तिचं सुरू व्हायचं.

“बाबा, सगळ्या नद्या गोडं पाणी आणून ओततात, मग समुद्र खारा कसा झाला?”

“तुझ्या बोलन्यानं झाला,” महिपत म्हणायचा.

“सकाळी वारा जमिनीकडून येतो नि दुपारी खाडीच्या तोंडाकडून. असं का?”

“त्याला पन सासुरवास आसंल. दुपारचा म्हायेरी जात आसंल.”

भरती रोज थोडी उशिरा का येते, पौर्णिमा-अमावास्येलाच पाणी उघाडीच्या वर का चढतं, मीठ बसताना पाण्यावर आधी साय का धरते, असं तिचं दिवसभर चालायचं. सासू शेवंती कपाळावर हात मारून घ्यायची. “ह्या पोरीच्या तोंडाला उघाडी हाय, पन फल्या न्हाईत,” ती म्हणायची. उघाडीला फळ्या नसल्या तर खाडीचं पाणी वाटेल तेव्हा आत शिरतं, हे आगरावर पोरासोरांनाही ठाऊक. सगळे हसायचे. शालूही हसायची. पहिल्या वर्षी तरी ते सगळं हसण्यावारी जात होतं.

दुसऱ्या साली मात्र कोणाला हसू सुचत नव्हतं. होळी झाल्यावर एक पाव्हना अवेळी येऊन गेला आणि पहिलं पीक पाण्यात विरघळलं. दुसरं धरता धरता मे उजाडला. मोरवा गावाच्या पलीकडे खाडीच्या काठाने एकामागून एक आगरं ओस पडत चालली होती. बांध फुटले की कोणी बांधत नव्हतं, खारफुटी आत शिरत होती, आणि समोर भाईंदरच्या इमारतींवर रोज नवा मजला चढत होता. आगर ज्याच्या मालकीचं, त्या शेटचा मेहताजी मोटारसायकलवरून आला होता आणि न उतरताच सांगून गेला होता, “महिपत, इस बार ढेर नहीं लगा तो सेठ आगर बंद करेगा. अगले साल बांध को हाथ मत लगाना.” आगर बंद म्हणजे झोपडंही गेलं, कारण झोपडं आगराच्या बांधावरच होतं. महिपतला या वयात दुसरं काय येत होतं? मीठ धरायचं आणि मीठ ओढायचं. बाकीच्या जगात त्याचा कोणाला उपयोग नव्हता, आणि ते त्याला कळत होतं.

पण मग ऊन कडक पडलं आणि पीक आलं. असं आलं की शेवंतीने वाफ्याची दृष्ट काढली. पांढरंधोप, जाड दाण्याचं. सगळं घर पहाटेपासून वाफ्यात उतरायचं. पायांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, तरी टाचांच्या भेगांतून मीठ आत जायचं आणि माणूस पाय उचलून उचलून टाकायचा. लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढून बांधावर घ्यायचं, पाणी निथळू द्यायचं, मग टोपल्या भरून डोक्यावरून राशीला. रास अजून अर्धी होती. उरलेलं सगळं मीठ बांधाबांधावर ओळीने पडलेलं, उघडं.

त्या दिवशी सकाळी शालूने पाठ सरळ करायला म्हणून मान वर केली आणि तिला सूर्याभोवती खळं दिसलं. मोठं, फिकट, पुरं गोल.

“बाबा, बघा की, सूर्याला खळं पडलंय. आमच्याकडे म्हणतात, खळं पडलं की पाऊस—”

शब्द निघून गेला. महिपतने हातातली फळी वाफ्यात आपटली. पाणी उडून शालूच्या तोंडावर आलं.

“धू तोंड.”

“चुकून गेलं, बाबा.”

“आगर बुडवाया आलीस काय तू? आं? धू तोंड!”

शेजारच्या आगरावरच्या बाया काम थांबवून बघत होत्या. शालू वाकली. वाफ्यातलं पाणी म्हणजे नुसतं खारं नव्हे, उन्हात आटून आटून कडू झालेलं. तिचे ओठ उन्हाने फुटले होते. पहिल्याच चुळीला डोळ्यांतून पाणी आलं. महिपत म्हणाला, “अजून येक.” तिने अजून एक भरली. नणंद संजना खाली मान घालून फळी ओढत राहिली.

“आता दिसभर काय इचारलास तर बघ,” महिपत म्हणाला. “जे सांगला त्ये करायचा. तोंड बंद.”

शालूने मान हलवली.  मनात तिने ठरवून टाकलं, आता या घरात कोणाला काही विचारायचंच नाही. विचारून मिळतं काय, तर खारं पाणी.

संजनाचंही त्या आठवड्यात एक घाटत होतं. उरणकडचं स्थळ आलं होतं, मुलगा बंदरावर क्रेन चालवायचा. “ह्या आठवड्यात येऊ कवातरी मुलगी बघायला, आधी निरोप देऊ,” असं त्यांनी शालूच्या नवऱ्याला, ईश्वरला सांगितलं होतं. ईश्वर पालीच्या बंदरावरून मासळीचा टेम्पो चालवायचा. घरात मोबाइल फक्त त्याच्याकडे. त्यामुळे जो काही निरोप यायचा तो त्याच्यामार्फतच. संजना पंचविशीला टेकली होती. दोन स्थळं तिचे हात बघून परत गेली होती. मिठाने हाताची सालटं निघालेली मुलगी कोणाला हवी?

उन्हं चढल्यावर शालू पिण्याचं पाणी आणायला नाक्यावर गेली. नळाशेजारी मंदाची चहाची टपरी होती आणि टपरीवर रुपया टाकायचा लाल फोन. हंडा अर्धा भरला असेल, तेवढ्यात मंदाने हाक मारली. “शालू, धाव, ईश्वरचा फोन हाय.”

पलीकडून नुसता गलका ऐकू येत होता. माणसं ओरडत होती, टेम्पोचं इंजिन चालू होतं. त्यातून ईश्वरचा आवाज आला. “शालू? ऐक. पाव्हना येतोय. संध्याकाळपर्यंत पोचेल. बाबांना सांग, हातातलं टाका नि तयारीला लागा. मी पण निघतोय.”

कोण कोण येतंय? किती माणसं? जेवायला थांबणार का? सगळे प्रश्न एकदम शालूच्या जिभेवर आले. तिने ओठावरून जीभ फिरवली. ओठ झोंबत होते.

“बरं,” ती म्हणाली. आणि फोन ठेवला.

डोक्यावर हंडा घेऊन परत येताना तिला नवऱ्याचा थोडा रागच आला. बहिणीला बघायला येणारी माणसं, आणि म्हणे ‘पाव्हना येतोय’. जसा काही गडी येतोय. तिच्या माहेरी दारात उभ्या भिकाऱ्यालाही ‘आले’ म्हणत. आपल्या माणसाला बोलायची रीत नाही, निदान आपण तरी नीट सांगू, असं तिने ठरवलं.

“बाबा, त्यांचा फोन आला होता,” आगरावर येऊन ती म्हणाली. “पाव्हने येतायत. संध्याकाळपर्यंत पोचतील. हातातलं टाका नि तयारीला लागा म्हणाले.”

महिपत फळीवर हात टेकून उभा राहिला. त्याने बांधावर पडलेल्या मिठाकडे पाहिलं. “आजच? बांधावरचा राशीला लावून घेऊ, मंग जाऊ.”

“मीठ कुठं पलून जातंय?” शेवंती म्हणाली. तिने तोवर पायाच्या पट्ट्या सोडायलाही घेतल्या होत्या. “उद्या भर. उरनवरून मानसा येतील नि बाप चिखलान उभा! पोरगी जन्मभर घरान ठेवायची हाय काय?”

महिपतला बायकोपुढे कधी बोलता आलं नाही, तर आज काय येणार? त्याने फळी बांधावर आडवी टाकली.

मग झोपड्यात एकच धांदल उडाली. शेवंतीने कोंबडी पकडली. शालूने अंगण सारवलं. बसायला काय घालायचं, हा मोठा प्रश्न होता. मंदाच्या टपरीवरून प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, पण बायका खाली बसणार. तेव्हा शेवंतीने राशीवर घालायची निळी ताडपत्री ओढून आणली, फडक्याने पुसली, अंगणात अंथरली आणि वर लग्नातली चादर घातली. एकदम झकास दिसायला लागलं. संजनाला दोनदा साबण लावून आंघोळ घातली, तरी नखांच्या कडांतलं पांढरं जाईना. शेवंतीने तिच्या तळव्यांना खोबरेल चोळलं.

“हात पदराखाली ठेव. चहा देताना ट्रे खालनं धर. बोटा दिसाया नको.”

“आणि लग्न झाल्यावर, आई? तेव्हा काय करू?” संजना म्हणाली.

“तवाचा तवा बघू.”

दुपार कलली. शालूने बाहेरच्या चुलीवर रस्सा ठेवला होता. रोज या वेळेला वारा खाडीच्या तोंडाकडून यायचा आणि धूर घराच्या मागे, नाक्याच्या बाजूला जायचा. आज धूर उलटा सरळ घरात शिरायला लागला. शालूने चुलीचं तोंड वळवलं, फुंकलं, काही उपयोग झाला नाही. वारा दक्षिणेकडून येत होता, आणि ओला होता. दारात आरसा टांगून महिपत दाढी करत बसला होता. धूर त्याच्या तोंडावर आला तसा त्याचा वस्तरा थांबला. त्याने मान वळवून धुराकडे पाहिलं. मग त्याने गाल पुसला आणि दुसऱ्या गालाला साबण लावला.

वारा आज असा कसा फिरला, बाबा? शालूच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिने फुंकणी उचलली आणि चूल फुंकत बसली. त्यांना कळत नसेल असं थोडंच आहे, तिला वाटलं. जन्म गेला त्यांचा इथे.

संजना साडी नेसून दारात आली, तेव्हा दक्षिणेकडचं आभाळ काळंनिळं झालं होतं. कुठेतरी गडगडलं. “रिक्षा आली वाटतं,” शेवंती म्हणाली आणि पदर सावरून पुढे झाली. नाक्याच्या रस्त्यावर कोणी नव्हतं. पत्र्यावर एक थेंब वाजला. मग दुसरा वाजला, आणि मग पत्राच बडवल्यासारखा आवाज सुरू झाला.

महिपतने नुसती बनियन घातली होती. तो तसाच धावला. “ताडपत्री! ताडपत्री आना!”

ताडपत्रीवर चादर होती, चादरीवर पानाचं तबक आणि भोवती खुर्च्या. शालू आणि संजनाने ती खसकन ओढली, तबक उडालं, खुर्च्या उलथल्या. वाऱ्याने ताडपत्रीत शिरून दोघींना बांधावरून खाली वाफ्यात फेकलं. संजनाची साडी चिखलाने भरली. त्या उठल्या, पुन्हा पडल्या. राशीवर ताडपत्री चढवली की एक कोपरा सुटायचा, तो धरला की दुसरा सुटायचा. शेवटी महिपत स्वतःच राशीवर पालथा पडला, हातपाय फाकून, ताडपत्री अंगाखाली दाबून. त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी राशीत शिरत होतं.

शालू टोपली घेऊन बांधावरच्या मिठाकडे धावली. भरली, डोक्यावर घेतली, चार पावलं गेली तर टोपलीतून खारं पाणी तिच्या डोळ्यांत उतरलं. दिसेनासं झालं. ती तशीच चाचपडत गेली आणि टोपली ओतली तर निम्मीही राहिली नव्हती. दुसऱ्या खेपेला बांधावर उचलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मीठ वाहून जात नाही, आवाज करत नाही. नुसतं बसत जातं, आणि खालची काळी माती वर दिसायला लागते. वाफे काठोकाठ भरले. इतक्या दिवसांचं उन्हात तापवलेलं पाणी गोडं झालं.

शेजारच्या आगरावर राशी झाकून झाल्या होत्या. त्यांनी दुपारीच वारा फिरलेला पाहून भराभर मीठ उचललं होतं. महिपतचं घर आंघोळी करून बसलेलं पाहून त्यांना वाटलं, याचं आधीच आवरलं.

पाऊस ओसरता ओसरता ईश्वर आला. टेम्पो वाटेत पाण्यात बंद पडला होता, तो चालत, भिजत आला होता. बांधावर उभा राहून तो बघतच राहिला.

“उचललं नाय? काहीच उचललं नाय?” तो ओरडला. “दुपारी फोन केला होता मी! पालीला धोक्याचा बावटा लागला, समद्या बोटी वर ओढल्या, तवाच फोन केला!”

“कसला फोन?” महिपत राशीवरून उतरला. त्याच्या एका गालावर दाढी तशीच होती.

“पाव्हना येतोय म्हणून सांगितलं ना हिला!”

 पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं. महिपत शालूकडे वळला.

“त्यो काय बोलला? पाव्हना का पाव्हने?”

शालूला तेव्हा कळलं. 

“पाव्हना,” ती म्हणाली.

“मंग तू पाव्हने कशाला सांगला?”

“मानाने बोलले मी,” शालू म्हणाली. “संजूच्या सासरची माणसं असतील म्हणून.”

महिपतने हात उगारला. पण हातात ताकद नव्हती, तो खाली आला. शेवंतीने मात्र बसकण मारली आणि सुनेच्या माहेरच्या सात पिढ्या उद्धरल्या.

“तुम्ही तरी नाव घ्यायचं होतं की,” शालू नवऱ्याला म्हणाली. आता तिचाही बांध फुटला होता. “पालीत उभे होतात ना? तिथून पाऊस म्हणाला असतात तर काय जीभ झडली असती?”

“वाफ्यात मीठ होतं,” ईश्वर म्हणाला. तेवढंच त्याला येत होतं.

नंतरचे दिवस वाईट गेले. महिपतने शालूच्या हातचं पाणी सोडलं. ती ताट वाढायची, तो संजनाकडे बघून म्हणायचा, “तू वाढ.” नळावर शेजारच्या आगरावरची बाई सगळ्यांदेखत म्हणाली, “काय गो, पाव्हने जेवून गेले काय?” आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ईश्वर बायकोशी कामापुरतं बोलायचा. ती गप्प राहून काम करायची. वाफ्यातलं गोडं पाणी उघाडीतून खाडीत सोडणं, बांध बुजवणं, हे सगळं तिने जवळजवळ एकटीने केलं. तिच्या मनात एक गोष्ट होती. ती तिने गिळून ठेवली होती, आणि ती खाली जात नव्हती.

एक दिवस मेहताजी आला. या वेळी तो मोटारसायकलवरून उतरला आणि बांधावरून चालत राशीपर्यंत गेला. राशीची बसकी ढेकळं झाली होती, मातीचा रंग चढला होता. तो बुटाच्या टोकाने ते मीठ उकरत राहिला.

“बाकी सबने ढांक लिया,” तो म्हणाला. “तेरा कैसे गया, महिपत? तू तो पुराना आदमी है.”

महिपत त्याच्यासमोर हात जोडून उभा होता, बाजूला ईश्वर आणि शेवंती. “बहू ने गलत बताया, मेहताजी. निरोप आया था, उसने उलटा बोला. बाहर की लडकी है, उसको आगर का समझता नहीं.”

शालू मेहताजीसाठी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. तिने तांब्या खाली ठेवला. परक्या माणसासमोर सासऱ्याशी बोलायची त्या घरात रीत नव्हती. ती पुढे आली.

“बाबा, एक विचारू?”

“आत जा,” शेवंती म्हणाली.

“त्या दिवशी तुम्ही दाढी करत होतात. चुलीचा धूर घरात आला. वारा दक्षिणेचा होता. तुमचा वस्तरा थांबला होता, मी बघितलं.” ती आणखी एक पाऊल पुढे आली. “तुम्हाला कळलं नव्हतं का?”

महिपत तिच्याकडे बघेना. ईश्वर बघेना. मेहताजीला निम्मं कळत होतं, निम्मं नाही, तो एकदा सासऱ्याकडे आणि एकदा सुनेकडे बघत होता. महिपतने जोडलेले हात सोडले.

“कलला व्हता,” तो म्हणाला.

“मग?”

“पोरीला बघाया येनार व्हते,” महिपत म्हणाला. “बाप पुन्ना चिखलान दिसला आसता. दोनदा परत गेले लोक. मला वाटला, ढग वरच्यावर जाईल. जातो कंदी कंदी.”

शेवंतीने तोंडावर हात ठेवला. मेहताजीने घड्याळ बघितलं. “जो हुआ सो हुआ,” तो म्हणाला. “किसकी गलती, वो तुम घर में देखो. सेठ को जगह खाली चाहिए. महीने के आखिर तक.” तो पाणी प्यायला नाही. मोटारसायकल चालू करून तो गेला.

संजना झोपड्यात भांडी घासत होती. पत्र्याच्या एका भिंतीआड तिने सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली नाही, आणि तिला कोणी हाकही मारली नाही. तिच्या हातातल्या भांड्याचा आवाज थोडा वेळ थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला.

त्या संध्याकाळी महिपतने शालूच्या हातचं पाणी घेतलं. महिना संपायच्या आत त्यांनी सामान नवघरच्या एका चाळीत हलवलं. ईश्वरचा टेम्पो चालू होता, शालू आणि संजना एका स्टीलच्या कारखान्यात पॅकिंगला लागल्या, महिपत दिवसभर खाटेवर बसून राहायचा. उरणच्या माणसांनी नंतर दोनदा निरोप पाठवला, मुलगी कधी दाखवता म्हणून. कोणी उत्तर दिलं नाही; त्या स्थळापायीच आगर गेलं होतं. संजनाच्या लग्नाचा विषय त्या घरात पुन्हा कोणीच काढला नाही, आणि संजनानेही नाही.